फुल सस्पेन्शन माउंटन बाईक: थेट कंपनीकडून मागवावी की दुकानातून घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरियातल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना डोंगरात सायकल चालवायची चटक लागते, ते वर्ष-दीड वर्षात हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल) सोडून दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या सायकलीकडे बघू लागतात. मग संध्याकाळी फोन येतात, आणि प्रश्न बहुधा हेच असतात. उत्तरं अमेरिकेपुरती, त्यातही उत्तर कॅलिफोर्निया डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

डायरेक्ट म्हणजे नेमक्या कोणत्या कंपन्या?

ज्यांच्या आणि तुमच्या मध्ये दुकानदार नाही त्या. जर्मनीतल्या कोब्लेन्झची कॅन्यन, फोर्चहाइमची वायटी, जर्मनीचीच प्रोपेन, अँडोरातली कॉमन्साल, युटातली आरी (२०२४ पर्यंत हिचं नाव फेझारी होतं) आणि इंडोनेशियाची पॉलिगॉन. दुकानातून विकणाऱ्यांत ट्रेक, स्पेशलाइज्ड, जायंट, सांताक्रूझ वगैरे. ही रेघ आता पुसट झाली आहे. स्पेशलाइज्डने २०२२ पासून अमेरिकेत घरपोच विक्री सुरू केली. त्यामुळे पेटी घरी आली की डायरेक्ट आणि दुकानात आली की डीलर, असं आता राहिलं नाही. खरा प्रश्न एवढाच, की सायकल कुरकुरायला लागल्यावर तुम्ही कोणाकडे जाणार.

वेळ नाही. एका वाक्यात सांगता का?

पहिलीच फुल सस्पेन्शन असेल तर जवळच्या चांगल्या दुकानातून, गेल्या वर्षीचं मॉडेल, सवलतीत. दुसरी असेल, आपला साईझ पाठ असेल आणि घरात टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळू देणारा पाना) असेल तर खुशाल डायरेक्ट.

किमतीत खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. ढोबळमानाने डायरेक्टमध्ये त्याच पैशात एक पायरी वरचे पार्ट मिळतात. तीन हजार डॉलरच्या आसपास दुकानात बऱ्याचदा सुरुवातीच्या पातळीचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) असतो. तेवढ्याच पैशात डायरेक्टवाले रॉकशॉक्सचा पाईक किंवा त्याच्या तोडीचा फोर्क देतात.

पण पार्टांची यादी वाचायची एक रीत आहे. सगळ्यांची नजर आधी मागच्या डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जाते, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून डिरेलर वरच्या दर्जाचा लावतात आणि शिफ्टर, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), चेन खालच्या दर्जाची. तुम्ही उलट्या क्रमाने वाचा: आधी फोर्क, मग ब्रेक, मग चाकं, आणि डिरेलर सगळ्यात शेवटी. डिरेलर दोन वर्षांत एखाद्या दगडावर आपटून तसाही जातोच, तेव्हा बदलता येतो. फोर्क बदलायला जाल तर सायकलीच्या किमतीचा मोठा तुकडा तिथेच जाईल. आणि फोर्कचं नुसतं नाव पाहू नका. ‘पाईक’ हे एकच नाव साध्या डॅम्परच्या (धक्का जिरवणारा आतला भाग) फोर्कलाही असतं आणि अल्टिमेट या सगळ्यात वरच्या प्रतीच्या फोर्कलाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. खडकाळ उतारावर हात किती दुखतात, त्यावरून फरक कळतो.

आता वजाबाकी करा. डायरेक्टमध्ये शिपिंग लागतं, काही ठिकाणी पेटीचे वेगळे पैसे घेतात. दुसऱ्या राज्यातून मागवलं की सेल्स टॅक्स वाचेल या भ्रमात राहू नका. २०१८ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या वेफेअर निकालानंतर ती पळवाट बुजली. स्वतः जोडता येत नसेल तर दुकानवाला पेटीतली सायकल जोडून द्यायचे शंभर-दीडशे डॉलर सहज घेतो. युरोपातून माल येत असेल तर आयात शुल्क किमतीत धरलंय की वरून लागणार, हे पैसे भरायच्या पानावर नीट वाचा. २०२५ पासून या बाबतीत आज एक आणि उद्या एक अशी गत आहे.

दुसऱ्या बाजूला, कोविडच्या लाटेत सगळ्यांनी बेसुमार सायकली बनवून ठेवल्या आणि २०२३ पासून त्याच गोदामात तुंबल्या. तेव्हापासून दुकानातल्या सवलती इतक्या वाढल्या की कित्येकदा दोन्हींतला फरक सर्व्हिसिंगच्या एका बिलाएवढाच उरतो.

डायरेक्टची फ्रेम हलकी, म्हणजे कमी दर्जाची असते का?

नाही. दोन्हींच्या फ्रेम बहुतांशी तैवान, चीन, व्हिएतनाम याच पट्ट्यात बनतात. शॉक (मागच्या चाकाचं सस्पेन्शन), फोर्क, गिअर सगळ्यांचे त्याच तीन-चार कंपन्यांचे. फुल सस्पेन्शनमधली प्रसिद्ध हॉर्स्ट लिंक ही मागच्या त्रिकोणाची रचना. तिचं अमेरिकेतलं पेटंट अनेक वर्षं स्पेशलाइज्डकडे होतं, त्यामुळे इतरांना एकतर परवाना घ्यावा लागे किंवा वेगळी रचना काढावी लागे. पेटंटची मुदत संपली आणि तीच रचना आज कॅन्यनच्या स्पेक्ट्रल या मॉडेलवरही दिसते. कॅन्यन अमेरिकेत उतरली ती २०१७ मध्ये. इंजिनिअरिंगच्या बाबतीत कोणी कोणाच्या मागे नाही.

माझी उंची ५ फूट ५ इंच. तक्त्यात मी स्मॉल आणि मीडियमच्या मध्ये येतो. काय करू?

इथेच घोडं पेंड खातं. डायरेक्ट घेतलेली सायकल परत जाते किंवा वर्षभरात विकायला निघते, त्याचं कारण बहुतेक वेळा साईझ असतं.

तक्त्यातली उंची बाजूला ठेवा आणि दोन आकडे बघा. पहिला रीच, म्हणजे पॅडलवर उभं राहिल्यावर हँडल तुमच्यापासून किती पुढे येतं ते. मीडियमचा रीच हल्ली साधारण ४४० ते ४६० मिलिमीटर असतो. पण एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जला टेकतो, त्यामुळे अक्षरावर विसंबू नका. दुसरा आकडा सीट ट्यूबची लांबी आणि तिच्यात ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खाली-वर करणारा दांडा) किती खोल जाते हा. आपल्याकडे बऱ्याच जणांचं धड लांब आणि पाय त्या मानाने आखूड असतात. अशा माणसाला रीच मीडियमचा बरोबर बसतो, पण ड्रॉपर पूर्ण खाली घालूनही सीट उंचच राहते. मग उतारावर सीट पोटात टोचते आणि माणूस सायकलीला दोष देतो.

त्यातून वाट एकच: बसून बघा, आणि पार्किंगमध्ये नाही, चढ-उतारावर. सांताक्रूझ गावाच्या आसपास भाड्याने चांगल्या सायकली मिळतात. एक दिवस घेऊन वाइल्डर रँचला किंवा सोकेल डेमो फॉरेस्टला जा. घरी आल्यावर त्या सायकलीचा रीच आणि सीट ट्यूबची लांबी कंपनीच्या पानावरून वहीत उतरवा. ते दोन आकडे हाती असले की कॅन्यन असो की पॉलिगॉन, अंदाज चुकत नाही. भाडं खर्च होईल, पण चुकीच्या साईझची सायकल विकताना जे पैसे बुडतात त्यापुढे ते काहीच नाही.

दुकानातून घेणाऱ्याला हे सगळं फुकटात मिळतं. चांगला दुकानदार तुम्हाला पाहताच सांगतो, “मीडियम, पण स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड लावू.” दुकानाच्या किमतीत या वाक्याचेही पैसे असतात.

पेटीतून आलेली सायकल घरी जोडणं कितपत अवघड आहे?

दीड-दोन तासांचं काम आहे. बहुधा पुढचं चाक, हँडल आणि सीट एवढंच बसवायचं असतं. कंपन्या छोटा टॉर्क रेंच आणि शॉकचा पंपही अनेकदा पेटीत टाकतात. जोडणं जमतं सगळ्यांनाच. जोडल्यानंतर तपासायला मात्र लोक विसरतात, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो.

हेडसेट (फोर्क ज्यावर फिरतो तो फ्रेमचा सांधा): पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल मागे-पुढे हलवा. बोटांना ‘टक’ जाणवलं तर हेडसेट सैल आहे. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले करून वरचा बोल्ट जरा आवळायचा, आणि मग बाजूचे बोल्ट त्यांच्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळायचे.

पिव्हट: मागच्या त्रिकोणाच्या प्रत्येक सांध्याच्या बोल्टवर न्यूटन-मीटरचा आकडा असतो. कारखान्यातून आवळून आलेत म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा बघा. नव्या सायकलीची कुरकुर निम्म्या वेळा इथूनच येते.

हवा: फोर्कमध्ये सगळी हवा एकदम भरायची नाही. थोडी भरा, फोर्क दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा भरा. नाहीतर आतल्या दोन कप्प्यांतला दाब सारखा होत नाही आणि फोर्क नीट काम करत नाही. मागच्या शॉकला सॅग (नुसतं बसल्यावर शॉक जितका दबतो तो भाग) तीस टक्क्यांच्या आसपास ठेवा. शॉकचा स्ट्रोक (दबण्याचं एकूण अंतर) ५५ मिलिमीटर असेल तर तुम्ही पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीसकट बसल्यावर शॉकवरची रबरी कडी सोळा-सतरा मिलिमीटर सरकली पाहिजे. वजन ५५-६० किलो असेल तर कंपनीच्या तक्त्यातला दाब जरा जास्त निघतो, तेव्हा तक्त्यापेक्षा कडीवर विश्वास ठेवा.

हँगर: डिरेलर ज्याला लटकतो तो अॅल्युमिनियमचा तुकडा. प्रवासात पेटी आडवी पडली की हाच वाकतो. मागून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं कॅसेटच्या दात्याशी सरळ रेषेत दिसली पाहिजेत. गिअर जुळत नाहीत म्हणून केबल पिळत बसणारे पुष्कळ भेटतात. दोष हँगरचा असतो.

ब्रेक: उतारावर जाण्याआधी सपाट रस्त्यावर वेग घेऊन वीसेकदा जोरात ब्रेक मारा. नवे पॅड त्याशिवाय पकडत नाहीत.

यातलं एकही वाक्य नीट समजलं नसेल तर दुकानातून घ्या. त्यात लाज कसली?

अमेरिकेत ब्रेक उलटे असतात म्हणे?

इथे उजव्या हाताला मागचा ब्रेक असतो. भारतात वर्षानुवर्षं मोटरसायकल चालवलेल्यांचा उजवा हात पुढच्या ब्रेकला सरावलेला असतो आणि घाबरल्यावर सवयच कामाला येते. दुकानातून घेत असाल तर सायकल ताब्यात घेण्याआधीच बाजू बदलून मागा. डायरेक्टमध्ये हायड्रॉलिक नळ्या सोडून पुन्हा हवा काढावी लागते, ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

डायरेक्टची सायकल जवळचा दुकानवाला हातात घेतो का?

बहुतेक घेतात. बे एरियात दुकानांना काम हवंच असतं, आणि फोर्कवर रॉकशॉक्स लिहिलंय की फॉक्स, एवढंच त्यांना बघायचं असतं. तरी दोन ठिकाणी अडतं.

पहिलं गर्दीच्या दिवसांत. मे-जूनमध्ये दुकानाच्या स्टँडवर रांग लागलेली असते आणि त्यांनी स्वतः विकलेल्या सायकली आधी हातात घेतल्या जातात. त्यात गैर काही नाही. एका दुकानात तर मला तोंडावर सांगण्यात आलं होतं, “जिथून घेतलीत तिथे विचारा.” बोलणं खटकलं, पण त्यांची बाजू कळली.

दुसरं, फ्रेमच्या खास पार्टांचं. शॉक बसवायचा बोल्ट, पिव्हटचं बेअरिंग, लिंकेज हे त्या मॉडेलचेच लागतात आणि दुकानात नसतात. तुम्ही कंपनीला ईमेल करायची, पार्ट यायची वाट पाहायची आणि मग दुकानात न्यायची. हँगरपुरता हा त्रास आता कमी झाला आहे, कारण २०१९ मध्ये स्रॅमने काढलेला यूडीएच हा एकच हँगर बहुतेक नव्या फ्रेमना चालतो आणि कुठेही मिळतो. घेताना फ्रेमला यूडीएच आहे का, हे जरूर विचारा.

हे एवढं लांबण लावून सांगतोय, कारण फुल सस्पेन्शनला सर्व्हिसिंग सतत लागतं आणि लोक ते हिशेबात धरत नाहीत. रॉकशॉक्स फोर्कच्या खालच्या पायांचं तेल आणि सील ५० तासांनी बदलायला सांगतं. शॉकच्या एअर कॅनचंही (हवा भरायच्या नळकांड्याचंही) तेच. डॅम्परचं मोठं काम २०० तासांनी. फॉक्सचा हिशेब १२५ तास किंवा वर्ष. दर शनिवारी तीन तास चालवलीत तरी चार महिन्यांत ५० तास भरतात. हे काम घरी शिकलात तर डायरेक्टचा फायदा दुप्पट. नाही शिकलात तर वाचवलेले पैसे दोन वर्षांत दुकानाच्याच गल्ल्यात जातील, आणि दुकानवाला तुम्हाला नावानेही ओळखत नसेल.

वॉरंटी कोणाची चांगली?

कागदावर बहुधा दुकानवाल्यांची. ट्रेक, स्पेशलाइज्ड आणि सांताक्रूझ पहिल्या मालकाला फ्रेमची आजन्म वॉरंटी देतात. सांताक्रूझ पिव्हटची बेअरिंगही आजन्म बदलून देते, आणि दमट हवेत किंवा चिखलात चालवणाऱ्याला याची किंमत कळते. कॅन्यनची फ्रेमची वॉरंटी सहा वर्षांची. सहा वर्षंही पुष्कळ झाली, तोवर तुम्हीच नव्या सायकलीवर डोळा ठेवून असाल.

व्यवहारात फरक दिसतो तो दाव्याच्या वेळी. दुकानवाला तडा गेलेली फ्रेम पाहतो, फोटो काढतो, कंपनीच्या माणसाशी बोलतो आणि नवी फ्रेम आल्यावर पार्ट इकडून तिकडे चढवतो. डायरेक्टमध्ये हे सगळं तुम्ही करता. फोटो, बिल, ईमेल, कधी सगळी सायकल सोडवून नुसती फ्रेम पाठवणं. कंपन्या दावे मान्य करतात, पण तोवर ऐन मोसमातले शनिवार निघून जातात. आपटून मोडलेली फ्रेम वॉरंटीत येत नाही. त्यासाठी दोन्हीकडे सवलतीत फ्रेम देण्याची योजना असते, तिची टक्केवारी आधीच विचारून ठेवा.

कंपनीच बुडाली तर?

भीती रास्त आहे. ब्रिटनची ऑनलाइन सायकली विकणारी विगल-चेन रिअॅक्शन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळली. व्हायटस आणि न्यूकप्रूफ या तिच्याच सायकली. कोलोराडोत कार्बन फ्रेम बनवणारी गुरिला ग्रॅव्हिटी बंद पडली. वायटीने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तिची अमेरिकेतली शाखा मिटली आणि पुढे संस्थापकानेच कंपनी परत घेतली.

पण डीलरवाल्यांचंही फार बरं चाललेलं नाही. कॅनडाच्या रॉकी माउंटनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये कर्ज देणाऱ्यांपासून कायद्याचं संरक्षण मागितलं. कोना त्याच वर्षी विक्रीला निघाली आणि मूळ संस्थापकांनी तिला परत घेतलं. फरक एवढाच, की डीलरचा ब्रँड गेला तरी दुकान जागेवर असतं. वॉरंटी नाही, पण मदत मिळते. डायरेक्ट घेणार असाल तर पेटी आल्याच्या आठवड्यात एक जादा हँगर, पिव्हट बेअरिंगचा एक संच आणि शॉकचे बोल्ट मागवून कपाटात ठेवा.

पेटी फाटलेली आली तर घ्यावी का?

घ्या, पण सही करण्याआधी पेटीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहा. उघडतानाही फोटो काढत चला. परत करायची शक्यता असेल तर चिखल सोडाच, डांबरी रस्त्यावरही चालवू नका. बऱ्याच कंपन्या न चालवलेलीच सायकल परत घेतात. पेटी महिनाभर टाकू नका.

दुकानात घासाघीस चालते का?

चालू वर्षाच्या मॉडेलवर रोख सवलत क्वचित मिळते, कंपनीने दुकानदाराचे हात बांधलेले असतात. पण आपण तुळशीबागेत तयार झालेली माणसं! किमतीवर अडून न बसता सोबत काय मिळेल ते विचारा: ट्यूबलेस करून द्याल का, पॅडल, वर्षभराचं सर्व्हिसिंग, पहिली फोर्क सर्व्हिस, अॅक्सेसरीजवर सूट. यातलं बरंचसं मिळतं. सप्टेंबरनंतर, नवी मॉडेल्स आल्यावर, जुन्या रंगाची आणि अडनिड्या साईझची सायकल बघा. स्मॉल आणि एक्स्ट्रा लार्ज शेवटपर्यंत पडून राहतात, त्यामुळे आपल्यातल्या बुटक्या मंडळींचं इथे फावतं.

ई-बाईक असेल तर?

दुकानातून. मोटर आणि बॅटरीचा दोष दुकानातला माणूस लॅपटॉप लावून शोधतो, आणि मोठी लिथियम बॅटरी साध्या कुरिअरने परत पाठवता येत नाही. इथे दुसऱ्या बाजूने बोलण्यासारखं मला काही दिसत नाही.

काही वर्षांनी भारतात परतणार आहे. सायकल सोबत न्यायची असेल तर कोणती घेऊ?

मग आजन्म वॉरंटी आणि जवळचं दुकान हे दोन्ही मुद्दे निम्मे गळून पडतात. वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकत घेतली तिथेच चालते, कंपनीला लेखी विचारून घ्या. अॅल्युमिनियमची फ्रेम, आटे असलेला बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्यांमधला फिरता सांधा), यूडीएच हँगर आणि शिमानोचे ब्रेक, असं साधं सरळ काहीतरी घ्या. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑईल लागतं, हाताळायलाही ते सोपं. मावळात किंवा कोकणात पावसाळ्यात चालवणार असाल तर लाल चिखल पिव्हटमध्ये शिरतोच. बेअरिंग आणि सील इथूनच भरपूर न्या. विमानात पेटीसह वजन २३ किलोच्या आत बसवायचं तर १५ किलोची सायकल आणि हलकी पुठ्ठ्याची पेटी, एवढंच जमतं. हत्यारं दुसऱ्या बॅगेत टाका. सीमाशुल्काचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा.

या सगळ्यापेक्षा सेकंडहँडच घेतली तर?

चांगला पर्याय, पण आजन्म वॉरंटी पहिल्या मालकासोबतच संपते, हे धरून भाव करा. मालकाला फोर्क आणि शॉकची शेवटची सर्व्हिस कधी केली ते विचारा आणि पावती मागा. मग शॉकमधली हवा पूर्ण सोडून मागचं चाक हाताने वर-खाली करा. खडखड आली किंवा चाक मध्येच अडलं तर बेअरिंग गेलेत, आणि तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.